फोटोतला माणूस उठून दिसावा म्हणून: स्नॅपसीडच्या काही महिन्यांच्या वापरानंतर

फोटोतला माणूस उठून दिसावा म्हणून त्याच्यामागचे सगळे धूसर करून टाकण्याची पद्धत आता फारच रुळली आहे. स्नॅपसीड हे गूगलचे मोफत अ‍ॅप मी गेले काही महिने जवळजवळ रोज वापरतो आहे आणि त्यातल्या लेन्स ब्लर या धूसर करणाऱ्या टूलकडे मी क्वचितच वळतो. लेन्स ब्लरमध्ये स्पष्ट राहणारा भाग लंबवर्तुळाकार किंवा सरळ पट्ट्यासारखाच ठेवता येतो. माणसाच्या आकाराची कड त्याला कळत नसल्याने एक खांदा स्पष्ट आणि दुसरा पुसट, असे चमत्कारिक चित्र तयार होते. एखाद्या फुलाला किंवा वाटीतल्या श्रीखंडाला ते चालून जाते.

माझ्या मते या अ‍ॅपची खरी ताकद सिलेक्टिव्ह या टूलमध्ये आहे. दादरच्या फुलबाजारातला माझा एक फोटो उदाहरणादाखल घेतो. फूलवाल्या मावशींचा चेहरा ताडपत्रीच्या सावलीत आहे, मागे झेंडूचा ढीग उन्हात आहे आणि पाहणाऱ्याची नजर साहजिकच आधी त्या पिवळ्याधमक ढिगावर जाते. अशा वेळी चेहरा उजळत बसण्यापेक्षा झेंडूचा जोर उतरवणे अधिक उपयोगी पडते. ढिगावर बोट टेकवून बिंदू ठेवला आणि दोन बोटांनी त्याचा आवाका लहान-मोठा केला की परिणाम कुठे होणार तो भाग लाल दिसतो. वर्तुळातले सरसकट सगळे नव्हे, तर बिंदूखालच्या रंगाशी जुळणारेच प्रामुख्याने निवडले जाते. मग बोट उभे सरकवून सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, निवडायचे, आडवे सरकवून ते उणे तीसच्या आसपास आणायचे आणि ब्राइटनेसही किंचित उतरवायचा. त्यानंतर दुसरा बिंदू गालावर ठेवून ब्राइटनेस दहा-पंधराने वाढवला तरी पुरतो. झेंडू झेंडूच राहतो, पण नजर आता मावशींवर थांबते. ही बिंदूंची पद्धत मूळची निक सॉफ्टवेअर या कंपनीची. २०१२ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली.

कातडीचा आणि भिंतीचा रंग जवळचा असेल, म्हणजे मागे मातीची भिंत किंवा बिस्किटी पडदा असेल, तर मात्र बिंदूचा परिणाम भिंतीवरही सांडतो. तेथे मास्क, म्हणजे बदल हव्या त्या भागापुरताच रंगवण्याची सोय, कामी येतो. आधी संपूर्ण फोटोचा उजेड हवा तेवढा कमी करावा, व्ह्यू एडिट्स या केलेल्या बदलांच्या यादीत जाऊन त्या बदलावरचे ब्रशचे चिन्ह निवडावे आणि तो बदल फक्त पार्श्वभूमीवर रंगवावा. ब्रशची तीव्रता ०, २५, ५०, ७५ आणि १०० अशी बदलता येते. ब्रशचा आकार बदलण्यासाठी वेगळा स्लायडर नाही. जितके झूम करावे तितका ब्रश फोटोवर बारीक चालतो. केसांच्या कडेशी १०० ऐवजी २५ किंवा ५० वापरल्यास चेहऱ्याभोवती कापून चिकटवल्यासारखी रेघ उमटत नाही. काम चिकाटीचे आहे आणि लहान स्क्रीनवर डोळे शिणतात, हे खरे.

फोटोच्या कडा काळवंडणाऱ्या व्हिनेटबद्दल एवढेच की त्याचा मध्यबिंदू ओढून चेहऱ्यावर आणता येतो, तो आणावाच. पोर्ट्रेट या टूलमधले, चेहरा उजळणारे फेस स्पॉटलाइट सौम्य प्रमाणात छान चालते. त्वचा गुळगुळीत करणारा स्लायडर मी शून्यावरच ठेवतो, कारण सुरकुत्या पुसलेली आजी कुणाचीच आजी वाटत नाही. एचडीआर स्केपपासून या कामापुरते तरी लांब राहावे, कारण ते सावली-उजेडातला फरकच मिटवून मागची प्रत्येक वस्तू पुढे आणते.

एका बटणात माणूस कापून हवा असलेल्यांना हे अ‍ॅप कंटाळवाणे वाटेल. ज्यांना प्रकाश आणि रंग हाताने जोखायचे आहेत, त्यांनी ते जरूर घ्यावे. जाहिराती नाहीत आणि खाते उघडण्याची सक्तीही नाही. फोटो साठवण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये जाऊन जेपीजीचा दर्जा १०० टक्के करावा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे कडांवर घेतलेली मेहनत कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे फाइल लहान होताना, वाया जात नाही.