चुकांची वही आणि मागचे पेपर: दहावीच्या गणितासाठी वर्षभर वापरल्यावर

दहावीचं गणित सुधारायचं म्हटलं की सल्ल्यांत एक वही हटकून येते. चुकलेलं प्रत्येक उदाहरण त्यात लिहायचं आणि परीक्षेआधी ती वाचायची. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमासाठी जून ते फेब्रुवारी ही पद्धत मागच्या प्रश्नपत्रिकांच्या जोडीने वापरली, त्याचा हा लेखाजोखा. निकाल आधीच सांगून टाकायचा तर बीजगणिताला साडेचार तारे, भूमितीला तीन, आणि ही वही जशी सर्रास सांगितली जाते तशी ठेवली तर एकच.

एकच का, ते पहिल्यांदा. चुकलेलं उदाहरण बरोबर उत्तरासकट सुबक उतरवून काढलं की दहा मिनिटं जातात, अक्षर छान येतं आणि पुढच्या चाचणीत तीच चूक पुन्हा होते. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी ओळखीची वाटते, म्हणून ते आपल्याला येतं असा समज होतो. कोऱ्या कागदावर पहिली ओळ कुठली लिहायची हा प्रश्न मात्र त्या वाचनात एकदाही पडत नाही.

म्हणून वहीची रचना बदलावी लागली. साधी २०० पानी लाँगबुक पुरते. डाव्या पानावर तीनच गोष्टी: प्रश्न कुठला (पाठ्यपुस्तकातला सराव संच, प्रकरणाअखेरचा संकीर्ण प्रश्नसंग्रह की शाळेची प्रिलिम, आणि क्रमांक), ज्या ओळीवर घसरलं तेवढी एकच ओळ, आणि कारणाचं अक्षर. बरोबर उत्तर लिहायचं नाही. उजवं पान कोरं. तिसऱ्या दिवशी, मग दहाव्या दिवशी, मग महिन्याने तेच उदाहरण उजव्या पानावर डावं पान झाकून सोडवायचं. लागोपाठ दोनदा मदतीशिवाय सुटलं की नोंदीवर काट मारायची. महिन्याच्या फेरीला चुकलं तर पुन्हा तिसऱ्या दिवसापासून सुरुवात.

कारणाची अक्षरं सहाच ठेवली: चि म्हणजे चिन्ह, उ म्हणजे उतरवताना झालेली चूक, वा म्हणजे प्रश्न नीट न वाचणं, सू म्हणजे सूत्र, प म्हणजे पद्धतच न सुचणं, वे म्हणजे वेळ. ‘सिली मिस्टेक’ हे कारण लिहायला बंदी. त्या दोन शब्दांखाली चिन्ह, उतरवणं आणि वाचन अशी तीन वेगळी दुखणी लपतात आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे. उ जास्त दिसले तर एका ओळीत एकच पायरी, बरोबरची चिन्हं एकाखाली एक, आणि रफ काम त्याच पानाच्या उजव्या कडेला. मागच्या पानावर केलेलं रफ काम परत आणताना आकडा बदलतो, ३६ चा ६३ होतो. वा जास्त असतील तर सोडवण्याआधी काय काढायचं आहे त्याखाली रेघ मारायची. सेमी-इंग्रजीच्या, म्हणजे गणित इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांना याची जास्त गरज पडते, कारण शाब्दिक उदाहरणात इंग्रजी वाक्य समजण्यातच अर्धं लक्ष जातं.

आता भाग १, म्हणजे बीजगणित. इथे वहीने पैसे वसूल केले. चुका थोड्याच प्रकारच्या असतात आणि त्या पुन्हा पुन्हा येतात.

वर्गसमीकरण घ्या: २क्ष² − ५क्ष − ३ = ०. विवेचक (सूत्रात वर्गमूळाखाली येणारी संख्या) २५ + २४ = ४९, म्हणून मुळे ३ आणि −१/२. स्थिरपद ऋण आहे हे निसटलं की विवेचक २५ − २४ = १ येतो आणि मुळे ३/२ आणि १ मिळतात. दिसायला अगदी भली उत्तरं. बरीच मुलं ताळा म्हणून मुळांची बेरीज बघतात: ३/२ + १ = ५/२, जुळलं! जुळणारच. सूत्रात विवेचकाचं वर्गमूळ एकदा अधिक आणि एकदा वजा येतं, बेरजेत ते उडून जातं, म्हणून विवेचकातली चूक बेरजेने कधीच पकडली जात नाही. गुणाकार बघायचा. तो −३/२ यायला हवा, इथे +३/२ आला. दहा सेकंदांचं काम आहे आणि तीन-चार गुणांचा प्रश्न वाचतो.

दोन चलांतील रेषीय समीकरणांत क्रेमरची पद्धत वापरताना नेहमीची चूक स्थिरपदाची. २क्ष + ३य − ७ = ० असं दिलेलं असताना तिसरी संख्या −७ घेतली जाते. समीकरण आधी स्थिरपद उजवीकडे नेऊन लिहायचं, मग निश्चयक मांडायचे. दोन्ही समीकरणांत ही चूक झाली तर दोन्ही उत्तरं आकड्याने बरोबर आणि चिन्हाने उलटी येतात. ताळा करताना किंमती छापील समीकरणात घाला. आपणच बदलून लिहिलेल्या समीकरणात घातल्या तर चूक आपल्याच चुकीची साक्ष देते.

अंकगणिती श्रेढीत दोनच जागा सांभाळायच्या. ‘१०० आणि २०० यांच्या दरम्यान ५ ने भाग जाणाऱ्या संख्या’ म्हटल्यावर पहिलं पद १०५, शेवटचं १९५; पदं (१९५ − १०५) ÷ ५ + १ = १९, बेरीज २८५०. टोकं धरली तर पदं २१ होतात आणि बेरीज ३१५०. पहिली जागा ‘दरम्यान’ हा शब्द, दुसरी तो शेवटचा अधिक १.

सांख्यिकीत मध्यक काढताना संचित वारंवारता मध्यकीय वर्गाच्या आधीच्या वर्गाची घ्यायची असते. मध्यकीय वर्गाचीच घेतली तर कंसातली वजाबाकी शून्य किंवा ऋण येते आणि मध्यक वर्गाच्या खालच्या मर्यादेच्या वर सरकतच नाही, बहुधा वर्गाबाहेर खाली पडतो. म्हणजे उत्तर स्वतःच ओरडून सांगतं, फक्त बघायची सवय हवी. वर्ग १०–१९, २०–२९ असे तुटक असतील तर खालची मर्यादा ९.५, १९.५ अशी करून घ्यायची.

अर्थनियोजन हे गुण मिळवून देणारं प्रकरण, पण क्रम चुकला की सगळं कोसळतं. छापील किंमत २०००, सूट १० टक्के, जीएसटी १८ टक्के असेल तर करपात्र किंमत १८००. केंद्राचा कर ९ टक्क्यांनी १६२, राज्याचा १६२, एकूण २१२४ रुपये. कर सूट वजा करण्याआधी लावणं आणि केंद्र-राज्य दोघांना १८–१८ टक्के देणं, या दोन चुका वहीत सतत दिसतात. शेअरमध्ये लाभांश दर्शनी किंमतीवर, दलाली बाजारभावावर, आणि जीएसटी दलालीवर. एवढी एक ओळ पाठ असली की बस. संभाव्यतेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नमुना अवकाश पूर्ण लिहा आणि दोन फाशांत (१, २) आणि (२, १) वेगळे धरा.

भूमितीत वहीची मात्रा कमी चालते. तिथली बरीच अडचण ‘प’ ची असते: सिद्धतेला सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. अशी नोंद कितीही वेळा परत सोडवली तरी मूल सिद्धता पाठ करतं आणि आकृती फिरवून दिली की थांबतं. त्यासाठी वहीच्या मागच्या बाजूला वेगळी यादी केली, तिचा जास्त उपयोग झाला. डावीकडे ‘आकृतीत काय दिसतंय’, उजवीकडे ‘काय वापरून बघायचं’. त्रिकोणाच्या बाजूला समांतर रेषा दिसली तर प्रमाणाचं मूलभूत प्रमेय. बाह्य बिंदूतून दोन स्पर्शिका दिसल्या तर स्पर्शिकाखंड एकरूप आणि त्रिज्या जोडून काटकोन. वर्तुळावर चार बिंदू दिसले तर चक्रीय चौकोनाचे संमुख कोन पूरक. काटकोनातून कर्णावर लंब दिसला तर भूमितीमध्य. अशा वीस-पंचवीस ओळींत समरूपता, पायथागोरस आणि वर्तुळ बऱ्यापैकी येतात.

समरूपतेत दोन गोष्टी मात्र वहीनेच सुधारल्या. शिरोबिंदूंचा क्रम संगतीप्रमाणे न लिहिल्याने बाजूंचं गुणोत्तर चुकणं, ही पहिली. दुसरी क्षेत्रफळांची: क्षेत्रफळं ६४ : २५ असतील तर बाजू ८ : ५. वर्गमूळ घ्यायचं राहून जातं. त्रिकोणमितीत अवनत कोन क्षितिजसमांतर रेषेपासून मोजायचा असतो, खांबापासून नाही. महत्त्वमापनात त्रिज्या दिली आहे की व्यास, आणि एकक सेमी की मीटर, हे आधी लिहून काढा. गोल, शंकू किंवा वृत्तचिती वितळवून यांपैकीच नवीन वस्तू केली असेल तर पायची किंमत घालूच नका, दोन्ही बाजूंनी कापली जाते.

रचनांसाठी वही निरुपयोगी. तिथे हात बसावा लागतो आणि कंपासचा स्क्रू घट्ट असावा लागतो. कच्ची आकृती आधी काढायची, पेन्सिलला टोक हवं, आणि कंसांच्या खुणा पुसायच्या नाहीत. तशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच असते. स्पर्शिका काढल्यावर पट्टीने मोजून बघा: त्रिज्या ३ सेमी, केंद्रापासून बिंदू ७ सेमी असेल तर स्पर्शिकाखंड ४० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ६.३ सेमी. मोजमाप ५.९ आलं तर लंबदुभाजक हलला आहे.

आता पेपरांकडे. सध्याचा अभ्यासक्रम २०१८ मध्ये आला आणि त्यावरची पहिली परीक्षा मार्च २०१९ ची. त्याआधीच्या पेपरांत वेळ घालवू नका, प्रकरणं आणि आराखडा दोन्ही वेगळे आहेत. २०२१ ची परीक्षा झालीच नाही, २०२२ ची कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली. म्हणजे खरे पेपर मोजकेच हातात येतात, पुरवणी परीक्षेचे धरूनही. ते ऑगस्टमध्ये चाळून संपवणं ही सगळ्यात महागडी चूक. डिसेंबरपर्यंत सराव संच आणि संकीर्ण प्रश्नसंग्रह; पेपर प्रकरणं संपल्यावर, घड्याळ लावून, एका बैठकीत.

प्रत्येक भाग ४० गुणांचा, वेळ दोन तास. गुणामागे तीन मिनिटं हा हिशोब बरोबर असला तरी तसाच वापरून चालत नाही. टिकलेली वाटणी अशी: पहिला प्रश्न (८ गुण) १५ मिनिटं, दुसरा (१२) ३०, तिसरा (९) २८, चौथा (८) २७, पाचवा (३) १०, आणि उरलेली १० तपासायला. भूमितीत रचना असलेल्या प्रश्नाला दोन-तीन मिनिटं जास्त जातात, ती पहिल्या प्रश्नातून काढा. बहुपर्यायी प्रश्नांत रेंगाळू नका. चौकटी भरायच्या कृती (दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचा अ भाग) सोप्या असतात, पण पूर्ण कृती लिहायची असल्याने हात दुखतो. नुसत्या चौकटींची उत्तरं लिहून पुढे जाऊ नका. पाचव्या प्रश्नाची मुलं धास्ती घेतात. तो तीनच गुणांचा आहे, चौथा आठ गुणांचा. चौथ्यात तीनपैकी कुठले दोन घ्यायचे हे ठरवायला मिनिटभर द्या, कारण अर्ध्यावर प्रश्न बदलला की दहा मिनिटं पाण्यात.

पेपर तपासणं स्वतःकडे ठेवलं तर गुण फुगतात. मित्राशी अदलाबदल करा आणि पायरीनिहाय गुण द्या: सूत्र, किंमती घालणं, आकडेमोड, एककासह उत्तर. एका पेपरातून वहीत पाचापेक्षा जास्त नोंदी नकोत. पाच निवडताना जिथे येत असूनही गुण गेले त्या आधी घ्या.

वही कुठे बिघडते? नोंदी साठतात आणि परत सोडवणं मागे पडतं, हे जवळपास प्रत्येकाचं होतं, साधारण दिवाळीनंतर. तेव्हा नवीन नोंदी आठवडाभर बंद ठेवून जुन्या संपवाव्या लागतात. चार रंगांची पेनं आली की समजावं वहीचं काम थांबलंय. पालकांनी ती रोज तपासायला मागितली तर मुलं चुका लिहायचंच बंद करतात. आणि ज्याला नववीचे अवयव पाडणंच येत नाही त्याने ही वही सध्या सुरू करू नये; प्रत्येक उदाहरण त्यात जाईल. त्याने आधी तीन आठवडे नुसते अवयव आणि अपूर्णांक करावेत.

बीजगणित आणि भूमितीच्या पेपरांमध्ये सहसा एक दिवस मोकळा मिळतो. त्या दिवशी भाग १ ची उत्तरं कुणाशीही पडताळू नका. सकाळी मागच्या पानांवरची ‘काय दिसतंय’ ची यादी, दुपारी समरूप त्रिकोणाची आणि स्पर्शिकेची एकेक रचना, संध्याकाळी महत्त्वमापनाची सूत्रं एकदा न बघता लिहून काढणं आणि प्रमेयांची विधानं आकृतीसह. काट न बसलेल्या भूमितीच्या नोंदी उरल्या असतील तर त्यातल्या फक्त सू आणि चि च्या करा. प च्या नोंदी त्या दिवशी उघडून काही हाती लागत नाही.