उन्हाळ्यात घेतलेला 26 इंची कॅरम: प्लाय टिकला, जाळ्यांनी दगा दिला

मे महिन्याच्या सुट्टीसाठी घेतलेला आमचा कॅरम बोर्ड पावसाळा काढून आता दिवाळीच्या तोंडावर आला आहे. गेल्या आठवड्यात त्याची शेवटची मूळ जाळीही फाटली, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. बोर्डाचा आकार, प्लायची जाडी, कडेचे लाकूड याविषयी दुकानदार न विचारताही बोलतो. जाळीविषयी मात्र कोणी अवाक्षर काढत नाही.

आधी हिशेब. डोंबिवलीत दोन मुलांना उन्हाळी शिबिरात घालायचे, तर एकेकाची फी या बोर्डाच्या किमतीच्या दुपटीहून अधिक होत होती. दुपारी ऊन मी म्हणत असते आणि सोसायटीच्या आवारात गाड्या लागत असल्यामुळे खेळायची जागा नावापुरतीच उरलेली आहे. साडेबाराशे रुपयांत बोर्ड, सोंगट्या, स्ट्रायकर आणि पावडरची डबी मिळाली. स्पर्धेच्या बोर्डाची खेळण्याची जागा 73.5 ते 74 सेंटिमीटरची आणि प्लाय किमान 8 मिलिमीटरचा असतो. आमचा प्लाय 4 मिलिमीटरचा आहे, पण घरातल्या खेळाला तो चालतो. मुलांना मी पहिल्या दिवसापासून 25 गुणांचा किंवा 8 डावांचा पूर्ण गेम खेळायला लावले, त्यामुळे एका गेममध्ये दुपार निघू लागली. राणीचे 3 गुण आपली गुणसंख्या 21 असेपर्यंतच मिळतात, 22 झाल्यावर मिळत नाहीत, हा नियम धाकटीला इतका पाठ झाला की दादाचे गुण तीच मोजू लागली. रडीचा डाव झाला नाही असे नाही, पण मोबाइलची मागणी निम्म्यावर आली.

आता जाळी. नायलॉनची, यंत्रावर विणलेली ही जाळी बोर्डाच्या खालच्या बाजूला चार बारीक चुकांनी, म्हणजे छोट्या खिळ्यांनी, ठोकलेली असते. तिच्या कापलेल्या टोकांना गाठ नसते, ती नुसती वितळवून चिकटवलेली असतात. सोंगट्या काढण्यासाठी मूल खालून मूठ घालून ओढते, एक चूक निसटते, मग त्या कोपऱ्यावरचा सगळा भार शेजारच्या धाग्यावर येतो आणि चार-सहा दिवसांत भोक पडते. जाळीत निदान 10 सोंगट्या मावाव्यात असे नियम सांगतो. आमच्या जाळीत पाच झाल्या की सहावी तोंडाशीच अडून उभी राहायची आणि ती ‘गेली’ की ‘नाही गेली’ यावर भांडण व्हायचे. दुकानदाराकडे बोर्ड घेऊन गेलो, तेव्हा त्याने ‘‘जाळीला गॅरंटी नसते साहेब, मुले आहेत, फाटणारच’’ असे सांगून नव्या जाळ्यांचे साठ रुपये मागितले. मुलांसाठी म्हणून विकलेली वस्तू मुलांनी वापरल्यामुळे फाटली, हे उत्तर मला आजही पटलेले नाही.

नुकसान जाळीपुरते राहिले असते तरी चालले असते. भोकातून पडलेली एक काळी सोंगटी घरंगळत गॅलरीतून थेट खाली गेली आणि सापडली नाही. सुटी सोंगटी कोणी विकत नाही, अख्खा संच घ्यावा लागतो. शेजाऱ्यांच्या जुन्या संचातली एक आणली, तर ती डोळ्यांना दिसेल इतकी जाड निघाली. नियमांतच जाडीला 7 ते 9 मिलिमीटर इतकी मोकळीक असल्यामुळे तिलाही दोष देता येत नाही, पण डाव फोडताना तिच्यावर स्ट्रायकर नेमका उसळतो.

हे परीक्षण जुलैमध्ये लिहिले असते, तर प्लायलाही नावे ठेवली असती. पावसाळी हवेत बोर्ड मध्यभागी इतका फुगला की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून धरला, तर तो मध्ये टेकायचा आणि दोन्ही टोकांना खाली फट दिसायची. हळू मारलेली सोंगटी आपोआप कडेला सरकत असे. तेव्हापासून बोर्ड ओलसर भिंतीला तिरका टेकवणे बंद केले आणि जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली आडवा ठेवला. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात फुगवटा बहुतेक ओसरला. या किमतीच्या प्लायकडून माझी एवढी अपेक्षा नव्हती. बोर्ड ओल्या फडक्याने पुसू नये आणि सुगंधी टाल्कम वापरू नये. दमट हवेत ती चिकटते. बोरिक पावडर चांगली, पण ती पोटात जाणे घातक आहे, म्हणून खेळ झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय आमच्याकडे कोणाला खाऊ मिळत नाही.

जाळ्यांचा प्रश्न शेवटी आईने सोडवला. जाड सुती दोऱ्याच्या चार पिशव्या तिने क्रोशाच्या सुईने विणल्या. त्यांचे तोंड पसरट असल्यामुळे हात वरून जातो, ओढाओढ होत नाही. चुकांऐवजी मी वॉशर घालून छोटे स्क्रू बसवले. खर्च साठ रुपयांच्या आतच झाला.

हाच बोर्ड पुन्हा घेईन, मात्र दुकानातच तो उलटा करून चारही जाळ्या बोटाने ओढून पाहीन आणि मगच पैसे देईन. पाचपैकी साडेतीन गुण: एक जाळ्यांमुळे कापला, अर्धा दुकानदाराच्या उत्तरामुळे.