‘डॉक्टरांची गाडी’ आणि फसणारे डोळे

जुनी गाडी घेताना फसलेल्या माणसाची हकीगत बहुतेक वेळा एका वाक्यापासून सुरू होते: ‘डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना एवढीच फिरलीय.’ डॉक्टरांच्या जागी कधी बँकेतले साहेब असतात, कधी शाळेतल्या मॅडम. गाडी अजून पाहिलेलीही नसते, पण गिऱ्हाइकाच्या मनात मालक उभा राहतो. मग जे दिसेल ते त्या मालकाच्या खात्यावर जमा होतं. रंग चकचकीत, म्हणजे जपून वापरलीय. टायर नवे, म्हणजे मालक हौशी. आत सुगंध, म्हणजे स्वच्छतेची आवड.

याच तीन खुणा मालकाला विसरून वाचा. रंग नवा आहे कारण गाडी ठोकली असेल. टायर नवे आहेत कारण जुने झिजेपर्यंत ती धावली असेल. सुगंध मारलाय कारण गालिचाखाली ओल असेल. मन एकदा एका बाजूला बसलं की दुसरा अर्थ सुचतच नाही, आणि एजंटला फारसं खोटंही बोलावं लागत नाही.

समजा, गाडी 2018 ची आहे आणि मीटर 32 हजार दाखवतोय. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे कोरलेले असतात. 1421 असेल तर टायर 2021 च्या चौदाव्या आठवड्यात बनला. गाडीसोबत आलेला टायर साधारण 40 ते 50 हजार किलोमीटर चालतो. मग चारही टायर तीनच वर्षांत का बदलले? रबर वयानेही कडक होतं, पण त्याला पाच-सहा वर्षं लागतात. एवढ्यावरून निवाडा करू नका, पण शंका धरून पुढे बघा. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरच्या रबराच्या रेघा 32 हजारांत गुळगुळीत होत नाहीत. गाडीत चढता-उतरताना घासणारी ड्रायव्हर सीटची कडही एवढ्यात फाटत नाही. पेडलचं रबर अगदी कोरं असेल तर तेही विचारा.

डिजिटल मीटर फिरवायला डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक बिघाड तपासायला वापरतो ती जोडणी) यंत्र लावतात, काम काही मिनिटांचं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद मात्र त्या यंत्राने बदलत नाही. दर सर्व्हिसला किती किलोमीटर झाले होते ते तिथे लिहिलेलं असतं. ही नोंद मालकालाच मिळते, म्हणून त्यालाच ती तुमच्यासमोर मागवायला सांगा. टाळाटाळ झाली तर ते उत्तरच समजा.

‘एकदाही घासली नाही’ हे तपासायला विम्याचा कागद रंगापेक्षा बरा. क्लेम न करता एक वर्ष गेलं की नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सवलत, 20 टक्के होतो, मग 25, 35, 45 आणि 50. पहिल्याच मालकाकडे सहा वर्षं असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल, तर गेल्या वर्षभरात क्लेम झाला का, ते विचारा. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. त्यामुळे मधे मालक बदलला असेल तर शून्य दिसणं साहजिक आहे, आणि मालकाने आधीच्या गाडीवरचा बोनस इकडे आणलेलाही असू शकतो.

पत्र्याकडे दिवसाउजेडी बघा, गाडी ओली असताना कधीच नाही. कारखान्यातल्या रंगाची जाडी साधारण 80 ते 150 मायक्रॉन असते, लांबी (पोचा बुजवायची पुट्टी) भरलेल्या जागी मोजणीयंत्र 300 च्या पुढे जातं. यंत्र नसेल तर पातळ फडक्यात गुंडाळलेला छोटा चुंबक दारांवरून फिरवा. जाड लांबीवर तो सैल पडतो. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघा. पाना लागला असेल तर त्यांच्या कडांवरचा रंग तडकलेला असतो. दाराच्या चौकटीचं रबर ओढून काढा. आत सारख्या अंतरावर गोल वेल्डचे ठिपके दिसायला हवेत. ते बुजलेले किंवा वेडेवाकडे असतील तर मार सांगाड्यापर्यंत गेलाय, आणि अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

चिपळूण 2021 मध्ये बुडालं, कोल्हापूर-सांगली 2019 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये. पुरातल्या गाड्या विमा कंपन्या टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती न परवडणाऱ्या, ठरवून लिलावात काढतात आणि त्यातल्या काही धुऊनपुसून पुन्हा विक्रीला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. बाहेर दिसणारा पट्टा कोणीही धुतो, पण गुंडाळीतल्या शेवटच्या वीतभर भागावर गाळाची तपकिरी रेघ राहून जाते. मग सीटचे रूळ आणि स्टेपनीचा खड्डा गंजलाय का ते बघा.

इंजिन थंड असतानाच सुरू करायचं. तुम्ही पोहोचता तेव्हा बॉनेट कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय असेल तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता आहे.

याच नजरेने उलटी चूकही होते, आणि तिचं जास्त वाईट वाटतं. बंपरवर ओरखडे, मीटरवर 78 हजार आणि सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या जागेवर, अशी गाडी लोक दोन मिनिटांत नाकारतात. खरं तर तिचा रंग मूळचा असण्याची शक्यता जास्त, आणि तिचा आकडा पावत्यांशी ताडून बघता येतो. बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांतल्या) डिझेल गाडीला तर कमी आणि तुटक चालवणंच बाधतं, कारण धुराची काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो. म्हणून घर ते दवाखाना फिरलेली डिझेल गाडी हे कौतुक नसून काळजीचं कारण आहे.

हे सगळं गाडी आवडण्याआधी करायचं, म्हणून क्रमच उलटा ठेवा. घरबसल्या परिवहनच्या संकेतस्थळावर मालक कितवा, बोजा (गाडीवरचं कर्ज) आहे का आणि चलनं (दंडाच्या पावत्या) किती, ते बघा. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. चासी नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. ‘दुसरं गिऱ्हाईक निघालंय, पाच हजार टोकन टाका’ याला या टप्प्यावर बळी पडू नका. टोकन दिलेला माणूस पुढे दोष शोधत नाही, दिलेले पैसे राखायला बघतो. सौदा ठरलाच तर गाडी नावावर करण्यासाठी फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30 वर सह्या घ्या, आणि विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज 14 दिवसांत द्या.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि पैसे देण्याच्या दिवशीचा मीटरचा फोटो जपून ठेवा. विकणारा व्यापारी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीसाठी तो रस्ता नाही, तिथे पोलीस किंवा दिवाणी न्यायालय. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो: त्याने किती किलोमीटर सांगितले होते, ते लेखी कुठे आहे?