वडिलांचे वीस लाख मुलाच्या धंद्यात: भेट, कर्ज की भागीदारी?

निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातून वडील मुलाला दुकानासाठी वीस लाख देतात, आणि ते नेमके कशापोटी दिले हे कुठेच लिहून ठेवत नाहीत. पहिल्या ताळेबंदात अकाउंटंट ती रक्कम सवयीने ‘असुरक्षित कर्जे’ या सदरात टाकतो. दोन-तीन वर्षांनी घरचे म्हणतात ती भेट होती, वह्या म्हणतात कर्ज होते. कराचा हिशेब मात्र दोन्हींचा वेगळा. म्हणून निर्णय पैसे हलण्याआधी घ्यायचा.

1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकर कायदा 2025 लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. त्यामुळे इथे कलमांऐवजी नियमच सांगतो.

आधी भेट. देणाऱ्यावर बसणारा जुना गिफ्ट टॅक्स 1 ऑक्टोबर 1998 पासून बंद आहे. आता प्रश्न घेणाऱ्याचा असतो: नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळालेल्या रकमा मिळून 50,000 रुपयांच्या वर गेल्या, तर वरचीच नव्हे, सगळी रक्कम उत्पन्नात धरतात. नातेवाइकाकडून कितीही आले तरी कर नाही, पण कायद्यातले ‘नातेवाईक’ आपल्या गोतावळ्यापेक्षा कमी आहेत. आई-वडील, आजी-आजोबा, भावंडे, पती-पत्नी, सासू-सासरे, मेव्हणे, काका, मामा, आत्या, मावशी चालतात. चुलत, मामे, आते, मावस भावंडे चालत नाहीत. काकाने पुतण्याला पाच लाख दिले तर करमुक्त. त्याच पुतण्याने काकाला दिले तर काकाच्या उत्पन्नात पाच लाख मिळवले जातात, कारण व्याख्या घेणाऱ्याच्या बाजूने वाचतात आणि काकाच्या यादीत भावाचा मुलगा नाही.

सज्ञान मुलाला दिलेल्या भेटीवर पुढे जे उत्पन्न होईल ते मुलाचेच. पत्नीला किंवा सुनेला दिली तर मिळताना कर नाही, पण त्यातून होणारे उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात. धंद्यात त्याची मोजणी अशी होते: 1 एप्रिलला सुनेच्या दुकानात भांडवल दहा लाख, त्यातले चार लाख सासऱ्यांनी भेट दिलेले, तर त्या वर्षीच्या नफ्याचे 40 टक्के सासऱ्यांच्या विवरणपत्रात. जावयाला हा नियम नाही. घरात दुकान सुनेच्या नावावर असेल तर हे आधी पाहा. बहुतेकांच्या ध्यानात येते ते नोटीस आल्यावर.

आता कर्ज. व्याज धंद्याचा खर्च म्हणून वजा होते आणि वडिलांच्या हाती ते उत्पन्न ठरते. इथे खरा फायदा होऊ शकतो. समजा मुलगा पूर्ण हिशेबवह्या ठेवतो, व्याजापूर्वीचे त्याचे करपात्र उत्पन्न 26 लाख आणि तो नव्या करप्रणालीत आहे. वडिलांची करपात्र पेन्शन सहा लाख. वीस लाखांवर 10 टक्क्यांनी वर्षाला दोन लाख व्याज. मुलाचे हे दोन लाख 30 टक्क्यांच्या टप्प्यातून बाहेर पडतात, म्हणजे उपकरासह 62,400 रुपये वाचतात. वडिलांचे उत्पन्न आठ लाख होते आणि 12 लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्यच राहतो.

पण हाच मुलगा अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत असेल, म्हणजे आपण ज्याला 44एडी म्हणतो त्यात, तर गणित फसते. तिथे उलाढालीच्या 8 टक्के, बँक किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर 6 टक्के नफा धरला की सगळे खर्च त्यातच आले. व्याज वेगळे वजा होत नाही. 80 लाख उलाढाल, सगळी यूपीआयने, तर उत्पन्न 4.80 लाख आणि कर तसाही शून्य. मुलाला दमडीचा फायदा नाही, वडिलांच्या उत्पन्नात मात्र दोन लाखांची भर. लहान दुकानदारांत ही योजना घेणारेच जास्त, म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: मुलगा 44एडीत असेल तर व्याजी कर्ज नको. भेट द्या, किंवा पैसे परत हवे असतील तर बिनव्याजी कर्ज.

कर्जाची आणखी दोन पथ्ये. 20,000 किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेतले की तेवढ्याच रकमेचा दंड; रोखीने फेडतानाही तेच. बाप-लेक आहेत म्हणून सूट नाही. (भेट रोखीने दिली तरी दोन लाख किंवा त्याहून जास्त घेतल्यास घेणाऱ्याला तितकाच दंड आहे.) दुसरे, मुलाची आदल्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या वर असेल आणि वर्षाचे व्याज 10,000 च्या वर जात असेल, तर 10 टक्के टीडीएस (देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागतो. विसरला तर व्याजाचा 30 टक्के भाग खर्च म्हणून नाकारला जातो. वडील साठीच्या पुढचे असून त्यांचा कर शून्य येत असेल, तर तसे घोषणापत्र आधी दिल्यास कपात टळते.

भागीदारी कराच्या दृष्टीने क्वचितच परवडते. फर्मला टप्पे नाहीत. पहिल्या रुपयापासून 30 टक्के आणि उपकर. भागीदाराच्या भांडवलावर 12 टक्क्यांपर्यंतचे व्याज वजा होते, पगार मात्र प्रत्यक्ष काम करणाऱ्यालाच, म्हणजे घरी बसलेल्या वडिलांना नाही. एप्रिल 2025 पासून फर्मने भागीदाराला वर्षाला 20,000 च्या वर व्याज किंवा पगार दिला की 10 टक्के टीडीएस, आणि तो टाळायला घोषणापत्राची सोय नाही. शिवाय साध्या भागीदारीत धंद्याच्या कर्जांची भागीदारांवरची जबाबदारी अमर्याद असते. धंदा बुडाला तर वडिलांच्या राहत्या घरापर्यंत हात पोचू शकतो. वडील खरोखर गल्ल्यावर बसणार असतील तरच हा मार्ग पाहावा.

भेट आणि कर्ज यांत निवडताना कराइतकाच घरचाही विचार हवा. पूर्ण झालेली भेट मन बदलले म्हणून परत मागता येत नाही. दुसरा मुलगा किंवा मुलगी असेल तर बिनव्याजी कर्जात वडिलांचे येणे शिल्लक राहते आणि मृत्युपत्रात त्याची वाटणी करता येते. भेटच द्यायची, पण म्हातारपणीच्या सांभाळाची काळजी आहे, तर ‘मुलगा आमचा सांभाळ करील’ ही अट लेखी घाला. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली भेट रद्द करून घेताना ती अट फार उपयोगी पडते.

कागद फार लागत नाहीत. रक्कम वडिलांच्या खात्यातून थेट मुलाच्या खात्यात जावी, शेऱ्यात ‘गिफ्ट’ किंवा ‘लोन’ लिहावे. भेटीसाठी तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक, दोघांचे पॅन, नाते आणि ‘परतफेडीची अपेक्षा नाही’ हे वाक्य असलेले पत्र, त्यावर दोघांच्या सह्या. वहीत ती मुलाच्या भांडवल खात्यात जमा करावी. कर्ज असेल तर दरसाल 31 मार्चची बाकी लिहून मुलाची सही घ्यावी, कारण तीन वर्षांत लेखी कबुली नसेल तर मुदतीच्या कायद्याने वसुलीचा दावा बाद होतो. पैशांऐवजी गाळाच द्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा: महाराष्ट्रात मुलाच्या नावे बक्षीसपत्राला 200 रुपये मुद्रांक शुल्काची सवलत राहते घर आणि शेतजमीन यांनाच आहे, व्यापारी गाळ्याला नाही.