पुरुषांसाठी चांदीची साखळी : रोजच्या वापरात कोणती घडण टिकते

पुरुषांनी रोज गळ्यात घालायची चांदीची साखळी घेताना सराफाच्या दुकानात पहिली चर्चा नक्षीची होते आणि दुसरी वजनाची. माझ्या मते त्या दोन्हींच्या आधी एक गोष्ट विचारायला हवी : ही साखळी उद्या तुटली, तर आपल्या गावातला सोनार ती जोडून देऊ शकेल का? कोल्हापूरच्या गुजरी या सराफ बाजारात आणि पुढे हुपरीत अनेक घडणींच्या साखळ्या हाताळून, तसेच त्यांतील काही दीर्घकाळ वापरून माझे जे मत बनले, ते याच प्रश्नावर आधारलेले आहे. हातकणंगले तालुक्यातील हुपरीचे नाव प्रामुख्याने पैंजणांसाठी घेतले जाते. परंतु तार ओढणे, कडी वळवणे, झाळणे (डाख देऊन सांधणे) आणि पॉलिश करणे ही कामे जेथे वेगवेगळ्या हातांनी होताना दिसतात, तेथे साखळी नेमकी कुठे कमजोर असते हे फार लवकर लक्षात येते.

रोजच्या वापरासाठी माझी पहिली पसंती कर्ब घडणीला आहे. या साखळीच्या कड्या एकाच दिशेने पिळून चपट्या केलेल्या असल्यामुळे ती छातीवर सपाट बसते, शर्टाच्या आत फुगत नाही आणि झोपेत कुशीवर वळताना टोचत नाही. तिची प्रत्येक कडी वेगळी दिसते, आणि माझ्या दृष्टीने हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. कारण एखादी कडी उघडली तर सोनार तेवढीच कडी बंद करून झाळतो, पॉलिश करतो, आणि साखळी पुन्हा वापरता येते. घेताना कर्ब साखळी हातरुमालावरून हलक्या हाताने ओढून पाहावी. धागा अडकला, तर कुठल्या तरी कडीचे तोंड नीट मिळालेले नाही किंवा कड घासायची राहिली आहे असे समजावे; जी कडी रुमालाचा धागा ओढते, ती मानेवरचे केसही ओढणारच.

फिगारो ही कर्बचीच इटालियन बहीण म्हणता येईल. तीन आखूड कड्या आणि त्यांच्यामागे एक लांब कडी असा तिचा ठरलेला क्रम असतो. पेंडंटशिवाय घातली तर ती कर्बपेक्षा उठून दिसते, दुरुस्तीलाही तितकीच सोपी असते, आणि ज्यांना साखळी हाच संपूर्ण दागिना म्हणून घालायचा आहे त्यांनी ती निःसंकोच घ्यावी. क्यूबन म्हणजे अधिक घट्ट आणि गोलसर कड्यांची कर्ब. सध्या तरुणांमध्ये तिला मोठी मागणी आहे. मात्र कमी वजनात रुंद क्यूबन मिळत असेल, तर ती पोकळ आहे का हे आवर्जून विचारावे. पोकळ कडीला पोचा पडला की तो काढता येत नाही, आणि झाळताना तिचा पातळ पत्रा वितळण्याची भीती असते. अशी साखळी समारंभापुरती ठीक आहे. रोजच्यासाठी मी ती कोणालाही सुचवणार नाही.

स्नेक चेनबद्दल माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. दुकानाच्या दिव्याखाली ती सर्वांत देखणी दिसते, हातात घेतल्यावर पाण्यासारखी घरंगळते, आणि म्हणूनच बरेच जण ती घेतात. परंतु पट्ट्यासारख्या गुंफलेल्या तिच्या बारीक घड्या एकदा मुडपल्या की तेथे कायमचा बाक राहतो. मी वापरलेल्या स्नेक चेनला असा बाक मानेच्या मागे, लॉकपासून बोटभर अंतरावर पडला. सोनाराने ती दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून सरळ करण्याचा प्रयत्न केला, तरी त्या ठिकाणची चमक तुटलेलीच राहिली. हेरिंगबोन या चपट्या घडणीचेही तेच दुखणे आहे. जे लोक साखळी अंगावरून क्वचितच काढतात, त्यांच्यासाठी या दोन्ही घडणी नाहीत.

गोफाचा विचार मात्र स्वतंत्रपणे करायला हवा. महाराष्ट्रात पुरुषांच्या गळ्यातला गोफ हा जुना आणि मानाचा दागिना आहे, आणि चांदीतही तो अतिशय शोभतो. सराफाकडे ज्याला रोप चेन म्हणतात ती यंत्रावर केलेली घडण दिसायला गोफाच्या जवळ जाते. तिच्यात कड्या एकमेकींत अडकवून दोरीसारखा पीळ आणलेला असतो. हाताने गुंफलेला भरीव गोफ मजबूत असतो, जड लॉकेट सहज पेलतो आणि पीळ असल्यामुळे प्रकाशात सर्व बाजूंनी चमकतो. त्याची अडचण दोन ठिकाणी येते. पिळाच्या खाचांमध्ये घाम, साबण आणि टाल्कम पावडर साचते व तेथील काळेपणा कापडाने पुसून निघत नाही. आणि मधोमध तुटलेला गोफ जोडायला जाणकार कारागीरच लागतो, अन्यथा जोडाची जागा कडक होऊन पीळ तेथे ताठ राहतो. लग्नकार्यासाठी, सणासाठी गोफ जरूर घ्यावा, आणि तो यंत्राचा घेण्यापेक्षा माहितीतल्या कारागिराकडून करवून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पेंडंट घालायचे असेल तर निवड पुन्हा बदलते. अष्टकोनी राजमुद्रा, जोतिबा किंवा खंडोबाचे लॉकेट, चांदीच्या टोपीत बसवलेला रुद्राक्ष, यांपैकी काहीही असो, त्याच्यासाठी बॉक्स चेन उत्तम. चौकोनी कड्यांच्या या साखळीवरून पेंडंटची कडी सहज सरकते, ती स्वतःभोवती पिळत नाही आणि बारीक असूनही भक्कम असते. फक्त अतिबारीक बॉक्स चेनला राजमुद्रेसारखे वजनदार पेंडंट लावू नये. सततच्या घर्षणाने कड्या आतून झिजतात आणि साखळी एक दिवस विनाकारण तुटल्यासारखी वाटते. तसेच पेंडंटच्या कडीतून साखळीचे लॉक आरपार जाते की नाही, हे दुकानातच पाहावे. जे वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतात, त्यांनी साखळी माळेपेक्षा किमान दोन इंच लांब किंवा आखूड ठेवावी, म्हणजे दोन्हींचा गुंता होत नाही.

लांबी ठरवण्यासाठी घरीच दोरा गळ्याभोवती घालून मोजणे सर्वांत विश्वासार्ह. बहुतेक पुरुषांना २० इंचांची, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटरची साखळी गळपट्टीच्या हाडाच्या थोडी खाली बसते; पेंडंटसह घालायची असेल तर २२ किंवा २४ इंच बरी दिसते. रुंदीच्या बाबतीत एक हिशेब ध्यानात ठेवावा : तारेची जाडी त्याच प्रमाणात वाढवून ३ मिलिमीटरची भरीव साखळी ६ मिलिमीटरची केली, तर तेवढ्याच लांबीचे वजन दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होते. रोजच्यासाठी ३ ते ५ मिलिमीटर मला योग्य वाटते.

आता शुद्धतेविषयी. ९२५ चांदी म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले बहुधा तांबे. शुद्ध चांदी इतकी मऊ असते की तिच्या बारीक कड्या ताणाने उघडतात, म्हणून साखळीसाठी ९२५ हाच सुवर्णमध्य आहे. ४० ग्रॅमच्या साखळीत ९२५ टंचाने (टंच म्हणजे शुद्धतेचे प्रमाण) ३७ ग्रॅम चांदी येते, ८०० टंचाने ३२ ग्रॅम. दर एकच लावून दोन्ही विकल्या जात असतील तर गिऱ्हाईकाने तेथेच थांबावे. नुसता ‘९२५’ हा ठसा म्हणजे हॉलमार्क, अर्थात अधिकृत केंद्रात तपासून दिलेली शुद्धतेची खूण, नव्हे, आणि ‘इटली’ हा शब्द तर शुद्धतेविषयी काहीच सांगत नाही. चांदीचे हॉलमार्किंग सोन्यासारखे सक्तीचे झालेले नसले, तरी १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांवरही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, देण्याची सोय सुरू झाली आहे आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळता येतो. असा दागिना मागून घ्यावा. जर्मन सिल्व्हर या नावाने जे विकले जाते त्यात चांदी मुळीच नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असते, आणि निकेलमुळे काहींच्या मानेला खाज सुटते. लोहचुंबकाची चाचणी करणार असाल तर लॉक बाजूला धरून करावी, कारण अस्सल चांदीच्या लॉकमध्येही बारीक स्प्रिंग बहुधा पोलादाची असते व ती चुंबकाकडे ओढली जाते.

लॉक आणि साखळी यांना जोडणारी शेवटची छोटी कडी भिंगाखाली अवश्य पाहावी. बहुतेक साखळ्या तेथूनच तुटतात. ती कडी नुसती वाकवून बंद केलेली असेल, तर तिच्या तोंडाशी केसाएवढी फट दिसते. दुकानदाराला ती समोर झाळून द्यायला सांगावे. हे काम थोड्या वेळाचे आहे आणि चांगला सराफ त्याला नकार देत नाही.

चांदी काळी पडते ती हवेतील आणि घामातील गंधकयुक्त घटकांमुळे, आणि त्यात दोष साखळीचा नसतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांत उतरताना आणि क्लोरीन असलेल्या तलावात पोहताना साखळी काढून ठेवावी. यंत्रावर किंवा विजेचे काम करणाऱ्यांनी तर कामाच्या वेळी ती घालूच नये. रोडियम या पांढऱ्या, न काळवंडणाऱ्या धातूचा मुलामा असलेली साखळी उशिरा काळवंडते, पण झाळल्यावर त्या जागेचा मुलामा उतरतो आणि पुन्हा चढवावा लागतो. म्हणून मी बिनमुलाम्याची साखळी घेतो आणि मऊ सुती कापडाने पुसत राहतो.

बिलावर वजन, टंच, चांदीचा दर आणि मजुरी या चार गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. ३ टक्के जीएसटी त्यानंतर लागतो. मोडीत घालताना मजुरी आणि कर परत मिळत नाहीत. त्यामुळे ज्या घडणीची मजुरी चांदीच्या किमतीच्या मानाने फार जास्त आहे, ती केवळ आवड म्हणून घ्यावी, आणि मोडीच्या वेळी दुकान किती टक्के घट धरणार आहे हे त्याच बिलावर लिहून मागावे.