जुन्या फ्लॅटचं छोटं बाथरूम: सगळं फोडायचं की टाईलवर टाईल लावायची?

गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात दोन बाथरूम झाली. एक आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधलं, बिल्डिंग १९९४ ची आणि बाथरूम ४ बाय ७ फूट. दुसरं बहिणीचं डोंबिवलीला, बिल्डिंग २००८ ची, ते त्याहून थोडं लहानच. आमचं आम्ही स्लॅबपर्यंत फोडलं, तिने जुन्या टाईलवरच नवीन टाईल लावल्या, आणि दोघींचाही निर्णय आपापल्या जागी बरोबर होता असं मला आज वाटतं. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून लिहितेय, ज्यांचं सध्या "करू का नको, आणि केलं तर किती" असं चाललंय त्यांच्यासाठी.

आधी पैसे आणि दिवस, कारण पहिला प्रश्न तोच असतो. आमचं सगळं मिळून १ लाख ६५ हजारांच्या आसपास गेलं आणि २३ दिवस लागले, बहिणीचं ७० हजारांत आणि ७ दिवसांत झालं. एवढं वाचून कोणीही म्हणेल की मग टाईलवर टाईलच बरी की. पण थांबा.

छोट्या बाथरूमचा खरा प्रश्न टाईलच्या मागे आणि खाली असतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला पोपडे येत होते, पावसाळा नसतानाही ओल होती, आणि सकाळी पहिला नळ सोडला की गरम पाणी तांबूस यायचं. म्हणजे भिंतीतले जुने लोखंडी जीआय पाईप आतून गंजलेले, आणि खालचं वॉटरप्रूफिंग संपलेलं. अशा बाथरूमवर कितीही सुंदर टाईल चिकटवली तरी गळती चालूच राहते, फक्त दोन वर्षांनी नवीन टाईलसकट फोडावं लागतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही टॉयलेट-सिंकमुळे फ्लॅटच्या आत होणारी गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असंच आहे, तेव्हा "सोसायटी बघेल" म्हणून हा विषय पुढे ढकलण्यात अर्थ नाही आणि खालच्या माणसाला त्रास देणंही बरोबर नाही.

बहिणीकडे यातलं काहीच नव्हतं. खाली ओल नाही, पाईप सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणारे प्लास्टिकचे, ढाळ ठीक, पाणी दोन मिनिटांत नहाणीत, म्हणजे फरशीतल्या जाळीच्या भोकात जायचं. टाईल फक्त जुनाट दिसत होत्या आणि दरजा, म्हणजे टाईलमधल्या फटी, काळ्या पडलेल्या. तिने लाकडी मुठीने एकेक टाईल ठोकून बघितली, पोकळ आवाज आला फक्त चार ठिकाणी, तेवढ्या काढून सिमेंटने भरून घेतल्या. हे ठोकून बघणं प्रत्येकाने करा, अर्धा तास लागतो. आवाज बऱ्याच ठिकाणी पोकळ आला तर विषय संपला, फोडायचंच.

टाईलवर टाईल लावताना गवंड्याला साधं सिमेंट वापरू देऊ नका, प्लीज. जुनी टाईल गुळगुळीत, तिच्यावर सिमेंट धरत नाही. नवीन व्हिट्रिफाईड टाईल तर पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी, त्यामुळे तिलाही सिमेंटची पकड मिळत नाही. आधी जुन्या टाईलला टाचे मारून खरखरीत करायचं आणि मग टाईलवर टाईलसाठीच असलेलं अ‍ॅडहेसिव्ह, पिशवीवर तसं लिहिलेलं असतं. बहिणीच्या गवंड्याने "ताई, पंधरा वर्षं सिमेंटवरच लावतोय" असं सांगून बघितलं, ती ऐकली नाही ते बरं झालं.

तोटेही आहेत. फरशी साधारण अर्धा इंच वर येते, त्यामुळे पॅसेज आणि बाथरूमच्या पातळीतला फरक कमी होतो, दरवाजा खालून तासावा लागतो, नहाणीची जाळी वर घ्यावी लागते आणि नळांना एक्स्टेन्शन लागतात. आणि मुख्य म्हणजे काहीच हलवता येत नाही, कमोड जिथे आहे तिथेच, शॉवर जिथे आहे तिथेच. आईसाठी कमोडशेजारी धरायचा दांडा हवा होता आणि कमोड दरवाजासमोरून जरा बाजूला घ्यायचा होता, हे आम्हाला फोडल्यामुळेच जमलं.

आता फोडण्याबद्दल. राबिट, म्हणजे फोडलेल्याचा मलबा, किती निघतं याची कल्पना नसते, आमच्या एवढ्याशा बाथरूममधून गोणीच्या गोणी निघाल्या, आणि सोसायटीने लिफ्ट वापरू दिली नाही त्यामुळे उतरवायचे वेगळे पैसे. कोट घेताना राबिट उचलणं त्यात धरलंय का ते विचारून लिहून घ्या. नहाणी ट्रॅपसकट जुने बिडाचे पाईप काढले, नवीन टाकले, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, कोपऱ्यांना जाळी, शॉवरच्या बाजूला भिंतीवर सहा फुटांपर्यंत, त्यावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर. आणि मग पाणी साठवून ठेवायची टेस्ट. ही टेस्ट कोणी घाईत उरकत असेल तर त्याला पुढचे पैसे देऊ नका. आमचा पहिला ठेकेदार एका रात्रीत "झालं, सुकं आहे" म्हणाला, आम्ही ४८ तास धरून बसलो तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंच्या छताला पाईपच्या कडेने ओलसर गोल दिसला. ते जॉइंट परत केलं, परत ४८ तास, मग कुठे फरशी. दोन-तीन दिवस वाढले, पण हेच टाईल लावल्यावर कळलं असतं तर काय झालं असतं विचार करा.

कमोडचं थोडक्यात सांगते. भिंतीवरचा कमोड छान दिसतो, खालून पुसता येतं, पण त्याने जागा वाचते हे लहान बाथरूममध्ये बऱ्याचदा खरं नसतं. आपल्याकडे आतल्या भिंती अर्ध्या विटेच्या, त्यात या कमोडची भिंतीत लपवायची फ्लशची टाकी मावत नाही, मग पुढे पाच-सहा इंचांचा ओटा बांधावा लागतो आणि कमोड तेवढा पुढे येतो. आम्ही जमिनीवरचाच घेतला. शिवाय टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर फ्लशच्या व्हॉल्व्हमध्ये क्षार साठतात, उघडी टाकी प्लंबर दहा मिनिटांत साफ करतो.

गिझरमध्ये ३ लिटरचा इन्स्टंट जागा कमी घेतो पण ३ किलोवॉटचा असतो, म्हणजे वेगळी जाड वायर आणि १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. बादलीने आंघोळ करणाऱ्या घराला १५ लिटरचा स्टोरेज बरा, आम्ही तोच ठेवला. गॅस गिझर मात्र बंद छोट्या बाथरूमच्या आत अजिबात लावू नका, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, वास येत नाही आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. घरात ज्येष्ठ किंवा लहान मुलं असतील तर हे अजूनच महत्त्वाचं.

फरशीसाठी दोन्हीकडे आम्ही मॅट टाईल घेतली, एक फूट बाय एक फूट. मोठी टाईल फोटोत छान दिसते पण चारही बाजूंनी नहाणीकडे ढाळ काढताना ती कापावी लागते, लहान टाईल ढाळाला नीट बसते. दरजा इपॉक्सीने भरल्या, महाग आहे पण काळ्या पडत नाहीत.

तुम्हाला ठरवायचं असेल तर आज खाली जाऊन शेजाऱ्यांचं छत बघून या, सकाळचं पहिलं पाणी पांढऱ्या बादलीत धरा, आणि एक बादली ओतून पाणी कुठे साचतं ते बघा. खाली ओल असेल किंवा पाणी तांबूस असेल तर पैसे साठेपर्यंत सहा महिने थांबा पण फोडूनच करा. नुसतं पाणी साचत असेल तर ते खालच्या ढाळाचं काम आहे, निदान फरशी तरी काढावी लागेल. तिन्ही ठीक असेल तर बहिणीसारखं करा आणि उरलेल्या पैशांत चांगले नळ घ्या. आणि फोडलंत तर टाईल लागायच्या आधी भिंतीला मेजरटेप लावून पाईपचे फोटो काढून ठेवा, आम्हाला नंतर टॉवेलचा रॉड लावताना त्याच फोटोंमुळे ड्रिल पाईपपासून दोन इंच लांब ठेवता आलं.