गटातल्या गटात मालविक्री: इंड एएस १२ आणि यूएस गॅप

एका कंपनीगटातल्या उपकंपनीने ६० लाखांचा माल परदेशातल्या भगिनी कंपनीला १०० लाखांना विकला. वर्षअखेरीस तो गोदामातच आहे. विकणारीचा करदर २५ टक्के, घेणारीचा ३०. गटाच्या एकत्रित हिशेबात ४० लाखांचा नफा इंड एएस (भारतीय लेखामानके) आणि यूएस गॅप (अमेरिकी लेखानियम) या दोन्हींत वगळतात. फरक पडतो तो करात.

आयकराच्या इंड एएस १२ मध्ये (त्याच्या आंतरराष्ट्रीय जोडीदारात, आयएएस १२ मध्येही तसंच) विकणारीचा १० लाख कर त्याच वर्षी खर्ची पडतो आणि घेणारीच्या दराने ४० लाखांवर १२ लाखांचा डिफर्ड टॅक्स ॲसेट (पुढे वाचणाऱ्या कराची आजच धरलेली मत्ता) उभा राहतो. हेच जास्त पटतं, कारण घेणारीच्या करहिशेबात मालाची किंमत १०० लाख, गटाच्या हिशेबात ६०; त्या फरकावरची पुढची करबचत घेणारीच्याच देशात होणार. विकणारीचा दर लावला की ॲसेट २ लाखांनी कमी पडतो. ही नेहमीची चूक.

यूएस गॅपमध्ये माल बाहेर विकेपर्यंत ते १० लाख आगाऊ कर म्हणून पुढे ओढतात, डिफर्ड टॅक्स ॲसेट धरत नाहीत. ही सवलत आता मालसाठ्यापुरतीच. पेटंट, यंत्रांसाठीची २०१६ च्या दुरुस्तीने गेली.